नव्या घराचा नारळ

सुलक्षणाचा आवाज गोड आहे हे तिच्या नवऱ्याला वीस वर्षांत कळलं नव्हतं, ते कौन्सिलला पहिल्याच आठवड्यात कळलं. मंडळाच्या गणपतीत ती आरत्या म्हणायची, मंगळागौरीला गाणी म्हणायची, आणि नवरा, डॉक्टर पद्माकर, मागच्या खुर्चीवर बसून कार पार्किंगची चर्चा करायचे. हाउसिंग ऑफिसातला तिचा साहेब कॉलिन प्रिचर्ड मात्र म्हणाला, "तू फोनवर बोललीस की माणसं शांत होतात. हे शिकवून येत नाही." एवढ्याशा कौतुकावर बाईसाहेब खूश. त्या दिवशी पिनरला घरी जाताना ती ट्रेनमध्ये स्वतःशीच गुणगुणत होती.

कौन्सिल कुठली ते सांगत नाही. पश्चिम लंडनच्या एका भागाची नगरपालिका, एवढं पुरे. नाव घेतलं तर बाकीच्यांना वाटायचं, आपण सुटलो. या कौन्सिलच्या बेघर लोकांच्या विभागात सुलक्षणा काम करायची. ती मूळची बडोद्याची, त्यामुळे गुजराती घरच्यासारखी यायची, हिंदी होतंच, पंजाबीही गरजेपुरती जमायची. साडी नेसलेली, भेदरलेली कोणी बाई काचेपलीकडे येऊन उभी राहिली की सगळं ऑफिस सुलक्षणाकडे बघायचं. दारात एक मोठं पोस्टर होतं, त्यावर अकरा भाषांत 'वेलकम' लिहिलेलं. त्यातलं 'आपले स्वागत असो' सुलक्षणाने स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं. मराठी माणूस तिथे वर्षातून एखादा आला तर डोक्यावरून पाणी, पण प्रिचर्डला भाषांची हौस होती.

प्रिचर्ड माणूस म्हणून वाईट नव्हता, आणि सगळी ग्यानबाची मेख इथेच आहे. कॉर्ड्रॉयचं जाकीट, दाढी, सायकलवरून येणार. दक्षिण आफ्रिकेतल्या वंशभेदाचा निषेध म्हणून त्याने कित्येक वर्षं तिथली संत्री खाल्ली नव्हती, आणि ते तो दर हिवाळ्यात सांगायचा. ऑफिसात कोणी आजारी पडलं की कार्ड आणणार हाच, दिवाळीला सुलक्षणाच्या डब्यातली करंजी मागून खाणारही हाच. असा माणूस समोर असला की आपण दाराला कडी घालत नाही.

त्र्याण्णव साल संपता संपता यमुना आली. मिरजेकडची, चोविशीतली, बारावीपर्यंत शिकलेली, सात महिन्यांची पोटुशी. ओठ फुटलेला. तिचा नवरा अजय इथेच जन्मलेला, विमानतळावर मालाच्या विभागात कामाला. लग्न करून ईलिंगला आणली, आणि आठ महिन्यांत आईच्या सांगण्यावरून बाहेर काढली. कारण काय, तर हिला गाडी चालवता येत नाही, हिचं इंग्रजी चांगलं नाही, आणि हिच्या भावाने कबूल केलेलं काहीबाही दिलं नाही. सुलक्षणाने तिला आत घेतलं, खुर्ची दिली, स्वतःच्या डब्यातली पोळी-भाजी पुढे ठेवली. यमुनेने पहिला घास घेतला आणि रडायला लागली.

"काकू, मला परत नका पाठवू हो," ती म्हणाली. "वडील नाहीत. भावाच्या दारात असं पोट घेऊन गेले तर वहिनी उंबरा ओलांडू द्यायची नाही. इथं भांडी घासीन, पण परत नको."

एवढंच तिचं मागणं होतं. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तिने दुसरं काही मागितलं नाही.

आता कायदा असा होता, की लग्न करून आलेल्या बाईला सरकार पहिलं वर्षभर पारखून घ्यायचं. वर्षभर नवऱ्याच्या घरात टिकली, तर तिला कायमचं राहता यायचं. त्याआधी नवऱ्याने हाकललं, तर नवराही गेला आणि देशही गेला. म्हणजे मार खाऊन घरात राहिलीस तर तू कायदेशीर, जीव वाचवून बाहेर पडलीस तर बेकायदेशीर. असला नियम करणाऱ्यांना घरी आया-बहिणी असतात की नाही कोण जाणे! लॉ सेंटरमधल्या एका वकील बाईने यमुनेचा अर्ज होम ऑफिसला, म्हणजे गृहखात्याला, पाठवला होता, पण अजयने त्याआधीच 'लग्न संपलं' असं कळवून टाकलं होतं.

कौन्सिलने यमुनेला एका हॉस्टेलमध्ये ठेवलं. तिथे तिला मुलगी झाली. जन्माने ब्रिटिश, कारण बाप ब्रिटिश. बारसं मात्र यमुनेने केलं नाही. "हॉस्टेलच्या खाटेवर कसलं बारसं, काकू? घर मिळू दे, मग करू. पाळणा तुम्ही म्हणायचा." सुलक्षणाने कबूल केलं. आपल्या मुलीच्या, मीनलच्या वेळचा लाकडी पाळणाही तिने लॉफ्टमधून काढून पुसून ठेवला. पद्माकरांनी विचारलं, "हे काय नवीन?" ती म्हणाली, "आहे एक गरजू." त्यांनी पुढे विचारलं नाही. न विचारण्यात त्यांचा हातखंडा होता.

इकडे ऑफिसातलं वारं फिरलं होतं. कुठल्याशा कोर्टाचा निकाल आला होता, की घर मागायला येणाऱ्याचा व्हिसा कौन्सिलने तपासायला हरकत नाही, आणि काही गडबड वाटली तर होम ऑफिसला कळवायलाही हरकत नाही. 'हरकत नाही'चं 'केलंच पाहिजे' व्हायला आमच्या कौन्सिलला महिनाही लागला नाही. आधी होम ऑफिसची दोन माणसं 'ओळख करून घ्यायला' आली. मग ती दर पंधरवड्याला यायला लागली. त्यांच्यासाठी आतली खोली ठरली, आवडीची बिस्किटं ठरली. एके दिवशी ती हॉस्टेलवर गेली आणि वरच्या मजल्यावरच्या एका घाना देशाच्या बाईला घेऊन गेली. यमुना त्या वेळी क्लिनिकमध्ये होती. परत आल्यावर तिने बाळाचे कपडे पिशवीत भरले आणि साउथॉलला सरबजीत नावाच्या एका पंजाबी बाईच्या घरी जाऊन राहिली. जाण्याआधी तिने सुलक्षणाला फोन नंबर दिला. "काकू, फक्त तुम्हाला देते. घराचं काही झालं तर कळवा. दुसऱ्या कोणाला नको."

सुलक्षणाने तो नंबर कोणाला दिला नाही. प्रिचर्डने मागितलाही नाही. मागितला असता तर ती सावध झाली असती, आणि प्रिचर्ड काही दुधखुळा नव्हता.

वसंत ऋतूतली एक चांगली उन्हाची सकाळ होती. प्रिचर्ड तिच्या टेबलाशी आला आणि त्याने समोर चाव्यांचा एक जुडगा ठेवला. दोन चाव्या, निळा प्लास्टिकचा बिल्ला. "यमुनाचं झालं," तो म्हणाला. "एक बेडरूमचा फ्लॅट, पहिला मजला, ग्रीनफर्ड स्टेशनजवळ. तात्पुरता आहे, पण घर आहे. उद्या दहा वाजता सही करून चाव्या घेऊन जाऊ दे. तिचा ठावठिकाणा तुला माहीत असेल ना?"

सुलक्षणाचे डोळेच भरून आले. "थँक यू, कॉलिन," ती म्हणाली, आणि तिने त्याच्यासमोरच फोन लावला.

यमुना हळूच म्हणाली, "काकू, धरणार नाहीत ना?"

"अगं वेडाबाई, चाव्या माझ्या डोळ्यांसमोर आहेत! हात लावून बघतेय मी."

"खरंच की काय?"

"खरंच. आणि हे बघ, नव्या घरात रिकाम्या हाताने जायचं नाही. येताना नारळ घेऊन ये, साउथॉलला चांगला शेंडीचा मिळेल. थोडं मीठ, हळद-कुंकू, आणि दूध. इथून दोघी मिळून जाऊ. दूध उतू जाऊ देऊ, नारळ वाढवू, मग सही-बिही केल्याचं सार्थक."

पलीकडे यमुना हसली. सुलक्षणाने तिला हसताना पहिल्यांदा ऐकलं. बाळही मागे काहीतरी ऊं-ऊं करत होतं.

प्रिचर्ड तिथेच उभा होता. "नारळ म्हणजे कोकोनट ना?" त्याने विचारलं. भोळ्या सुलक्षणाने त्याला सगळं समजावून सांगितलं, की नारळ का, मीठ का, दूध उतू का जाऊ द्यायचं. त्याने मान कलती करून ऐकलं. "लव्हली," तो म्हणाला. "किती लव्हली आहे हे."

दुसऱ्या दिवशी यमुना दहाच्या आधीच आली. तिने धुवट पिवळी साडी नेसली होती, वर कोट, केसांत कुठून तरी मिळवलेलं एक फूल. कडेवर बाळ, खांद्याला पिशवी. पोस्टरजवळ थांबून तिने मराठी ओळ वाचली आणि काचेआडून सुलक्षणाला हात केला. प्रिचर्डने दार उघडून तिला आतल्या खोलीत नेलं. "सुलक्षणा, तूही ये," तो म्हणाला. "बोलायला लागेल."

आतल्या खोलीत होम ऑफिसची ती दोघं बसली होती, एक बाई आणि एक बुवा. समोर बिस्किटं.

सुलक्षणाला आधी वाटलं, यांची वेळ चुकली असेल, उठून जातील आता. मग प्रिचर्डने आतून दार लावलं, तेव्हा तिला उमगलं. तिने टेबलावर चाव्या शोधल्या. चाव्या नव्हत्या.

इमिग्रेशनच्या बाईने पिशवी रिकामी केली. कपडे, बाळाची बाटली, दुधाचा पाइंट, मिठाची पुडी, कुंकवाची कोयरी आणि शेंडीचा नारळ. तिने नारळ उचलला, कानाशी धरून हलवला. "हे काय?"

"नारळ," सुलक्षणा म्हणाली.

"ते दिसतंय. कशाला आणलाय?"

उत्तर प्रिचर्डनेच दिलं. "नव्या घरासाठी आणतात," तो म्हणाला. त्याला सगळं पाठ होतं.

"हा नेता येणार नाही," बरोबरचा बुवा म्हणाला. "व्हॅनमध्ये कोणाला फेकून मारला तर?" आणि त्याने नारळ बाजूला सरकवला.

यमुना कोणाकडेच बघत नव्हती, फक्त सुलक्षणाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. ती आपलं कोडं सोडवत असल्यासारखी बघत होती.

"काकू, मी येणार नव्हते," ती म्हणाली. "सरबजीतदीदी नको म्हणत होती. म्हणाली, फसवतील. मी म्हटलं, नारळ आणायला सांगितलाय, मीठ आणायला सांगितलंय, म्हणजे घर खरंच असणार. खोटं बोलायचं असतं तर नारळाचं कशाला सांगितलं असतं?"

"काय म्हणतेय ती?" बाईने विचारलं.

सुलक्षणाने बाळाची बाटली उचलून यमुनेच्या पिशवीत परत ठेवली.

"बरं, तिला सांग," बाई पुढे म्हणाली, "की तिला ताब्यात घेतोय. बाळ ब्रिटिश आहे, त्याला कोणी हाकलत नाही. बाळाला इथे ठेवायचं की बरोबर न्यायचं, ही सर्वस्वी तिची मर्जी."

मर्जी! अंगावर दूध पिणारं तान्हं पोर, आणि आईला म्हणे मर्जी. हे वाक्य मराठीत करायला सांगत होते, तेही सुलक्षणाच्या गोड आवाजात.

"हे मी सांगणार नाही," सुलक्षणा म्हणाली.

मग त्या बाईनेच ते इंग्रजीत, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. यमुनेला 'बेबी' आणि 'स्टे' एवढं कळलं. तिने बाळाला असं आवळून धरलं की ते किंचाळायला लागलं. नंतर बाजूच्या दाराने तिला नेलं. पुढच्या दाराने नेलं नाही, कारण तिथे लोक रांगेत बसलेले असतात आणि लोकांना त्रास होऊ नये याची कौन्सिल फार काळजी घेते.

सुलक्षणा बाथरूममध्ये गेली आणि ओकली. तोंडावर पाणी मारून परत आली, तर टेबलावर नारळ, मीठ, कोयरी तशीच पडलेली. दुधाचा पाइंट तेवढा नव्हता. प्रिचर्ड तिच्यासाठी चहा घेऊन आला. "बस थोडा वेळ," तो म्हणाला. "साखर जास्त घातलीय." चहाचा रंग बघून तिने विचारलं, "दूध कुठलं?" तो जरा घुटमळला. "तसंही वायाच गेलं असतं," तो म्हणाला.

"कॉलिन, तू मला खोटं सांगितलंस."

"तुला सांगितलं असतं तर तुला खोटं बोलावं लागलं असतं," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला. "मी ते ओझं तुझ्यावर टाकलं नाही. तू जे बोललीस ते मनापासून बोललीस. तुझ्याकडे काही दोष येत नाही. मलाही हे आवडत नाही, सुलक्षणा. पण आपण नाही केलं तर ते हॉस्टेलची दारं फोडणार. हे त्यातल्या त्यात सभ्यपणाने झालं."

केसाने गळा कापणं म्हणतात ते याला. तोही कापायचा दुसऱ्याच्या केसाने, आणि वर सभ्यपणाचं सर्टिफिकेट स्वतःच घ्यायचं. चहा तिने सिंकमध्ये ओतला, आणि नारळ घेऊन घरी आली. का आणला, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिथे ठेवला असता तर त्यांनी तोही खाल्ला असता, असं काहीसं तिच्या मनात होतं.

पद्माकर हॉस्पिटलमध्ये भूल देणारे डॉक्टर. माणसांना न दुखवता झोपवायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं, घरीही तेच करायचे. संध्याकाळी सुलक्षणाने त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, म्हणजे त्यांच्या परीने फार झालं.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पण बघ, लॉ इज लॉ. आपण रीतसर आलो, पेपर्स होते, एक्झाम्स दिल्या. उद्या असे कोणीही राहायला लागले तर आपल्याच लोकांचं नाव खराब होतं."

"अहो, ती आपल्यातलीच होती. मी बोलावलं म्हणून आली."

"तुला कुठे माहीत होतं? यू वेअर डुइंग युअर जॉब. उगाच मनाला लावून घेऊ नकोस."

"मला किळस आलीय," ती म्हणाली. "त्यांची आली, तुमचीही येतेय, आणि सगळ्यात जास्त माझ्या या आवाजाची येतेय."

ते उठून स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळाने ठाक असा आवाज आला. सुलक्षणा धावली. पद्माकरांनी नारळ फोडला होता. "अगं, चांगला नारळ होता, फुकट कशाला घालवायचा? चटणी कर. मंडळाची मीटिंग आहे उद्या, शशी आणि श्रीनिवास जेवायला येतायत, डोशाबरोबर होईल." तिने हात लावला नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच मिक्सर लावला. दुसऱ्या दिवशी तिघांनी ती चाटूनपुसून खाल्ली. पद्माकरांनी मित्रांना हकीकत सांगितली, आणि शेवटी म्हणाले, "थोडक्यात काय, कौन्सिलने तिला नारळ दिला!" तिघंही हसले. शशी म्हणाला, "वहिनी, चटणी मात्र फर्स्ट क्लास." नारळ खरोखरच गोड निघाला होता.

पुढच्या आठवड्यात यमुनेला विमानात बसवलं. बाळ तिने बरोबर नेलं. मुंबईहून पुढे ती भावाकडे गेली की आणखी कुठे, ते कोणालाच कळलं नाही. सुलक्षणाने साउथॉलच्या नंबरवर फोन केला. सरबजीतने उचलला. सुलक्षणा "हॅलो, मी..." एवढंच म्हणाली, आणि पलीकडून फोन आपटला. तिने पुन्हा लावला. आवाज ऐकताच पुन्हा ठेवला गेला.

नोकरी सोडावी असं तिच्या मनात रोज यायचं. पण घराचे हप्ते होते, मीनलचं कॉलेज होतं, आणि खरं सांगायचं तर प्रिचर्डला आपण काहीतरी बोलू अशी तिला आशा होती. रोज ट्रेनमध्ये ती वाक्यं जुळवायची आणि ऑफिसात शिरताच गुड मॉर्निंग म्हणायची. एके दिवशी तिने प्रिचर्डला कागद-पेनांचं कपाट उघडताना पाहिलं. हातात दोन चाव्या, निळा बिल्ला. म्हणजे ग्रीनफर्डचा फ्लॅट हा होता! स्टेपलरच्या पिना आणि पाकिटं यांचा! "कॉलिन, मार्कर हवाय," ती म्हणाली. त्याने हसून जुडगा तिच्या हातात दिला. तिने त्याच चावीने कपाटातून जाड काळा मार्कर काढला, दारात गेली आणि पोस्टरवरची आपली ओळ खोडून काढली. दहा भाषा राहिल्या. कोणाच्या लक्षातही आलं नाही. वाचणारं कोण होतं?

उन्हाळ्यात प्रिचर्ड पुन्हा तिच्या टेबलाशी आला. हातात तोच जुडगा. या वेळी आशाबेन म्हणून एक गुजराती बाई होती, दोन मुलांची आई, नवरा वारल्यावर व्हिसा संपलेली, वेम्ब्लीला कोणाकडे तरी लपलेली. नंबर या खेपेला कौन्सिलकडेच होता, बाई फक्त बाहेर पडत नव्हती. प्रिचर्डने चाव्या टेबलावर ठेवल्या. तोच निळा बिल्ला, आणि सुलक्षणा ओळखेल हे त्याच्या गावीही नव्हतं. का असावं? तिने एवढ्या दिवसांत त्याला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

"उद्या दहा वाजता," तो म्हणाला. मग जरा वाकून, आवाज खाली आणून म्हणाला, "आणि तिला ते कोकोनटचंही सांग. त्याने फार फरक पडतो."

सुलक्षणाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. दाढीत कुठे लाज दिसते का बघितलं. नव्हती. यमुनेच्या सासूला, नवऱ्याला, त्या इमिग्रेशनवाल्यांनाही शिव्या देता येतील, पण या माणसाने आपल्या घरातलं शुभ काढून नेलं आणि त्याचा गळ केला. आणि काढून दिलं कोणी? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे आजोबा म्हणायचे तेव्हा तिला वाटायचं, असतील कोणी फितूर लोक. ते असे गोड आवाजाचे असतात, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं.

तिने रिसीव्हर उचलला आणि नंबर फिरवला. प्रिचर्ड टेबलाच्या कडेला टेकून उभा राहिला.

"आशाबेन?" ती गुजरातीत म्हणाली, मंगळागौरीला गायची त्याच आवाजात. "हसतच बोलतेय, कारण माझा साहेब समोर उभा आहे. नीट ऐका. उद्या येऊ नका. इथे घर नाही. ज्या चाव्या दाखवतात त्या कपाटाच्या आहेत. आत दोन माणसं तुम्हाला धरायला बसणार आहेत. आहात तिथूनही हला, तुमचा नंबर यांच्याकडे आहे."

पलीकडे फोन ठेवलेला नव्हता, मागे मुलांचा आवाज येत होता.

"तुम्ही त्याच ना?" आशाबेन म्हणाली. "नारळवाल्या?"

सुलक्षणाच्या चेहऱ्यावर हसू तसंच होतं.

"आम्हाला सगळं ठाऊक आहे, बेन. वेम्ब्लीत माहीत आहे, साउथॉलमध्ये माहीत आहे. देवळात बायका एकमेकींना सांगतात, कौन्सिलमधून एका गोड आवाजाच्या बाईचा फोन आला की फोन ठेवून द्यायचा आणि घर बदलायचं. मी सामान बांधूनच बसलेय. तुम्ही आज खरं बोललात म्हणून ऐकून घेतलं." मग तिने विचारलं, "त्या पोरीचं बाळ कसं आहे?"

"माहीत नाही," सुलक्षणा म्हणाली.

आशाबेनने फोन ठेवला.

कानात नुसता लांब सूर वाजत होता. प्रिचर्ड भुवया उंचावून बघत होता. सुलक्षणाने रिसीव्हर तसाच धरला आणि त्या सुराशी बोलत राहिली. "हो, हो, नारळ आणा. शेंडीचा आणा. मीठ, हळद-कुंकू, थोडं दूध. दोघी मिळून जाऊ." मध्ये ती थांबत होती, हसत होती, पुन्हा बोलत होती. आवाज कुठे हलला नाही. मग तिने फोन ठेवला.

"काय म्हणाली?" प्रिचर्डने विचारलं.

"येतेय. फार आनंद झाला तिला."

"लव्हली," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी होम ऑफिसची ती दोघं आतल्या खोलीत येऊन बसली. दहा वाजून गेले, बिस्किटं संपली, प्रिचर्ड तीन वेळा दारापर्यंत जाऊन आला. शेवटी तो म्हणाला, "सुलक्षणा, पुन्हा एकदा लाव ना फोन. तुझं ऐकते ती."

"लावते," सुलक्षणा म्हणाली. तिने नंबर फिरवला. पलीकडे रिंग वाजत राहिली, वाजतच राहिली, आणि ती रिकाम्या घरातली रिंग ऐकत सुलक्षणा कितीतरी वेळ बसली.